गिअर ऑईल : छोट्या गाडीचा विसरलेला खर्च

वणीच्या बाजारातून सकाळी बाहेर पडणाऱ्या गाड्या थोडा वेळ उभे राहून पाहिल्या, तर त्यांत छोट्या मोटारींचा भरणा मोठा दिसतो. कोणाच्या मागच्या सीटवर तयार कपड्यांचे गठ्ठे असतात, कोणाच्या डिकीत वेल्डिंगचे सामान, तर कोणी टपावर पत्र्याच्या पेट्या बांधून मारेगाव, मुकुटबन, पांढरकवडा किंवा घुग्घुसचा बाजार गाठण्याच्या घाईत असतो. १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हा मोटार ही घरच्या प्रतिष्ठेची बाब होती. त्या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तोवर छोटी मोटार आपल्या छोट्या व्यापाऱ्याच्या हाती तराजूसारखी, कारागिराच्या हाती पान्यासारखी आली होती. ती एक दिवस बंद पडली की त्या दिवसाचा बाजार बुडतो आणि ईदच्या किंवा दिवाळीच्या खरेदीच्या आठवड्यात बंद पडली तर हंगामच बुडतो.

या गाडीच्या इंजिनचे ऑईल बहुतेक जण वेळेवर बदलतात. गिअर ऑईलची आठवण मात्र गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत अनेकांना होत नाही. याला मालकाचा आळस हे एकच कारण नाही. इंजिन ऑईलला मोजपट्टी असते, तेल संपत आले तर समोर लाल दिवा लागतो. साध्या गिअरबॉक्सला यातले काहीही नसते. तेथे तेल कमी झाल्याची पहिली सूचना आवाजाने मिळते आणि आवाज येईपर्यंत आतले नुकसान सुरू झालेले असते.

आमच्या ओळखीचे एक कपड्याचे व्यापारी आहेत. त्यांच्या गाडीचा दुसरा गिअर सकाळी करकर करून पडू लागला. एका गॅरेजमध्ये त्यांना क्लच प्लेट गेल्याचे सांगण्यात आले. त्यांनी प्लेट बदलली, करकर तशीच राहिली. दुसऱ्या ठिकाणी केबल कसून देण्यात आली. महिन्याभराने पाचव्या गिअरमध्ये गाडी घोंघावू लागली तेव्हा ते एका जुन्या मिस्त्रींकडे गेले. आम्ही त्या दिवशी सोबत होतो.

“उस्ताद, ऑईल तर मागच्याच महिन्यात बदललं,” असे व्यापाऱ्याने सांगताच मिस्त्री म्हणाले, “ते इंजिनचं भाई. गिअरचं कधी बदललं ते सांगा.”

यावर उत्तर नव्हते. मिस्त्रींनी गाडी सपाट जागेवर घेतली, गिअरबॉक्सच्या बाजूचा भरण्याचा नट उघडला आणि आत बोट घातले. बोट कोरडे निघाले. खालचा नट काढल्यावर जे तेल निघाले ते मापात निम्म्याहून कमी होते आणि रंगाने काळपट, शाईसारखे होते. डाव्या चाकाकडे जाणाऱ्या एक्सलचे ऑईल सील गळत होते. ही गळती जमिनीवर कधी दिसली नाही, कारण गाडीच्या पोटाला चिकटलेल्या काळ्या मातीच्या थरानेच ते तेल शोषून घेतले होते. सीलची किंमत किरकोळ. तेल दोन लिटरच्या आसपास लागले असते, म्हणजे हजार रुपयांच्या घरातला खर्च. त्याऐवजी क्लच प्लेट, बेअरिंग, पितळी रिंगा आणि चार बाजारांचा खाडा एवढा भुर्दंड पडला.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. तेल कमी होते तर पाचवाच गिअर आधी का ओरडला? बऱ्याच छोट्या गाड्यांत पाचव्या गिअरची जोडी गिअरबॉक्सच्या अगदी टोकाला, वेगळ्या झाकणाखाली बसवलेली असते. तेथे तेल पोचते ते खालच्या चाकांनी उडवलेल्या शिंतोड्यांवर. पातळी उतरली की टोकाचे घर सर्वांत आधी उपाशी राहते. म्हणून पाचव्या गिअरमध्येच घोंघावणारी गाडी आली तर कारागिराने क्लच उघडण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी.

तेल आत काय काम करते

पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या छोट्या गाडीत गिअर आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात आणि दोघांना मिळून एकच तेल असते. हे तेल दातांवर पातळ थर धरते, घर्षणाची उष्णता पेटीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत आणते आणि झिजलेल्या लोखंडाचा बारीक कीस वाहून खाली नेते. तळाच्या नटाला बहुधा लोहचुंबक बसवलेला असतो. कीस त्याला चिकटून राहतो. नट काढल्यावर त्यावर काळे, मऊ, पिठासारखे काही दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, ती वयाप्रमाणे होणारी झीज आहे. टोचणारे कण, दाताचा तुकडा किंवा पितळेची सोनेरी झाक तेलात दिसली तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागणार, असे समजून मालकाला तेथेच दाखवावे.

याशिवाय तेलाचे एक काम असे आहे की ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गिअर बदलताना दोन चाके वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांचा वेग जुळवण्यासाठी मध्ये पितळी रिंग असते. ती क्षणभर घासते, वेग जुळतो आणि गिअर आवाज न करता पडतो. म्हणजे ज्या तेलाने दातांना निसरडे ठेवायचे, त्याच तेलाने रिंगेला पकडही घेऊ द्यायची. या परस्परविरोधी मागण्या सांभाळण्यासाठी तेलात ठराविक प्रमाणात रसायने मिसळलेली असतात. डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ येथेच लागतो.

‘नव्वद नंबर’चा घोळ

आपल्याकडे गिअर ऑईल मागायचे म्हणजे ‘नव्वद नंबर द्या’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. ट्रकच्या जमान्यात ते चालून गेले. छोट्या गाडीला एवढ्यावर भागत नाही.

नव्वद हा आकडा फक्त जाडी सांगतो आणि ती मोजण्याची श्रेणी इंजिन ऑईलपेक्षा वेगळी आहे. नव्वद नंबरचे गिअर ऑईल जाडीला साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑईलएवढेच असते. आकडा मोठा म्हणून तेल दुप्पट दमदार, ही समजूत चुकीची आहे. अनेक नव्या छोट्या गाड्यांना तर ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-८५ असे पातळ तेल लागते. त्यांत जाड तेल ओतले तर थंडीच्या दिवसांत सकाळी गिअर दगडासारखा लागतो, गाडी तापल्यावर सुरळीत होतो. मालक समजतो गाडी म्हातारी झाली!

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असे लिहिलेले असते. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची रसायने जास्त असतात, कारण ते हायपॉइड डिफरन्शियलसाठी आहे, जेथे दात एकमेकांवर दाबाखाली घसरतात. ‘पाच हे चारपेक्षा भारी’ असे मानून हेच तेल हाताच्या गिअरबॉक्समध्ये ओतणारे दुकानदार आणि कारागीर आम्ही पाहिले आहेत. पितळी रिंगेला ते मानवेलच असे नाही. रिंगेची पकड ढिली होते आणि ही जादा रसायने पिवळ्या धातूला खाऊही शकतात. ज्या गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिले आहे तेथे जीएल-४ च घालावे.

ओम्नी चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, पण तिच्यावर पोट असणारे अजून पुष्कळ आहेत. २०१० साली आलेली ईकोही त्याच बांधणीची. या गाड्यांची ओढ मागच्या चाकांना असते, म्हणून गिअरबॉक्सचे तेल वेगळे आणि मागच्या क्राऊनचे वेगळे. क्राऊनला बहुधा जीएल-५ लागते. एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतणे ही सोय कारागिराची आहे, गाडीची नव्हे.

तेल सीलबंद डब्यातून, आपल्या डोळ्यांसमोर उघडून घ्यावे आणि पक्के बिल मागावे. सुटे तेल बाटलीत भरून देणाऱ्याच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण त्या बाटलीत कोणता आकडा आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

पाणी, कोळसा आणि काळी माती

पुस्तिका छापणारा कारखाना वणीत नाही. त्यामुळे तिच्यातले किलोमीटर येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. उकणी, निलजईसारख्या खाणींचा कोळसा वाहणाऱ्या ट्रकांनी रस्ते खचलेले, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे, हवेत कोळशाची आणि राजूरकडे चुन्याची भुकटी, आणि पावसाळ्यात नाल्यांच्या रपट्यांवरून वाहणारे पाणी, अशी येथील परिस्थिती आहे.

यांत सर्वांत घातक पाणी. गिअरबॉक्स चालून तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. ती बाहेर जावी म्हणून वरच्या बाजूला एक लहान श्वासनळी ठेवलेली असते, मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. तापलेली पेटी अचानक रपट्याच्या थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. पेला-अर्धा पेला पाणीही पुरते. तेल आणि पाणी दातांखाली घुसळले जाऊन दुधाच्या चहासारखा रंग येतो. असे तेल थर धरत नाही आणि बेअरिंग गंजतात. गाडी मात्र त्या दिवशी नीट चालते, दुसऱ्या दिवशीही चालते. नुकसान दोन-तीन महिन्यांनी कळते, तेव्हा रपटा कोणाला आठवत नाही.

२०२२ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुराने वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांची वाट अडवली होती. अशा दिवसांत ज्यांची गाडी चाकाच्या निम्म्याहून वर पाण्यात गेली, त्यांनी किलोमीटरचा हिशोब बाजूला ठेवून आठवड्याच्या आत गिअर ऑईल तपासावे. दुधी दिसल्यास काढून टाकावे, नवे भरून थोडे दिवस चालवावे आणि पुन्हा एकदा बदलावे, कारण पहिल्या खेपेला सगळे पाणी निघत नाही. दोनदा तेल घालण्याचा खर्च जिवावर येतो खरा, पण बेअरिंगांपुढे तो काहीच नाही.

भुकटीचा त्रास वेगळा. ब्रीदरच्या तोंडावर कोळशाची आणि मातीची पुटे चढली की ती नळी बुजते. आतली तापलेली हवा मग कमजोर जागा शोधते, आणि ती जागा म्हणजे ऑईल सील. नवे सील बसवूनही महिन्यात पुन्हा गळती सुरू झाली, असे गाऱ्हाणे घेऊन गिऱ्हाईक परत आले तर कारागिराने सील बनवणाऱ्याला दोष देण्याआधी ब्रीदर साफ आहे का ते पाहावे.

काळ्या मातीबद्दल वर सांगितलेच आहे. पावसाळा संपला की गाडीचे पोट एकदा धुऊन घ्यावे आणि चार दिवसांनी खाली वाकून पाहावे. स्वच्छ लोखंडावर नवी गळती लगेच दिसते.

बदल किती दिवसांनी करावा, याला आमचे उत्तर असे : पुस्तिकेतील मुदत ही जास्तीत जास्त समजावी. माल वाहणाऱ्या आणि खाणपट्ट्यात फिरणाऱ्या छोट्या गाडीला चाळीस हजार किलोमीटर किंवा तीन वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, आणि पातळीची तपासणी दर पावसाळ्याआधी व नंतर. काही पुस्तिकांत गिअर ऑईल आयुष्यभर बदलू नये असे सुचवलेले असते. आयुष्य कोणाचे, गाडीचे की हमीच्या मुदतीचे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

काम करण्याची रीत

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल कोमट करावे, म्हणजे गाळासह निघते. गाडी चारही बाजूंनी समपातळीत हवी. एकाच बाजूला जॅक लावून पातळी पाहिली तर ती खोटी. गाडी उचलल्यावर स्टँडवर टेकवावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. नटांभोवतीची माती घासून पुसावी, नाहीतर नट निघताच कोळशाची भुकटी आत जाते.

त्यानंतरचा क्रम मोडू नये. आधी वरचा भरण्याचा नट उघडायचा, मग खालचा. एकदा घाईत आम्ही उलटे केले. खालून सारे तेल सोडून दिले आणि वरचा नट गंजून इतका बसलेला की पाना घसरून त्याचे कोपरे गोल झाले. गाडी तेलाविना जागेवर, आणि दुपारी बाजाराला निघायचे होते! नट कापून काढण्यात संध्याकाळ गेली. तेव्हापासून वरचा नट हलल्याशिवाय खालच्याला हात लावत नाही.

नवे तेल नरसाळ्याला रबरी नळी जोडून सावकाश भरावे. बहुतेक गाड्यांत भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आले आणि बाहेर ठिबकू लागले की माप पूर्ण झाले. वॉशर नवा घालावा. नट ताकद दाखवून आवळू नये, पेटी अॅल्युमिनियमची असते आणि तिचे आटे गेले तर दुरुस्ती महाग पडते. त्याच वेळी एक्सलचे रबरी बूट फाटले आहेत का हेही पाहून घ्यावे. तेथून ग्रीस उडते आणि पुष्कळ जण त्यालाच गिअर ऑईलची गळती समजतात.

ऑटोमॅटिक गाड्यांचा प्रश्न

आतापर्यंत सांगितले ते हाताने गिअर टाकायच्या गाड्यांबद्दल. आता वणीतही बिनक्लचच्या छोट्या गाड्या येऊ लागल्या आहेत आणि आपल्या गॅरेजवाल्यांची खरी परीक्षा तेथे आहे. अशी गाडी आली की ‘चंद्रपूरला न्या, नागपूरला न्या’ असे सांगून परत पाठवली जाते, किंवा याहून वाईट म्हणजे अंदाजाने तेल ओतले जाते. पहिल्यात गिऱ्हाईक जाते, दुसऱ्यात गिऱ्हाईकही जाते आणि गाडीही.

सर्व बिनक्लच गाड्या एका जातीच्या नसतात. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्त छोट्या गाड्यांत जो प्रकार पसरला त्याला एएमटी म्हणतात. यात गिअरबॉक्स जुनाच, हाताच्या गाडीसारखा. क्लचही तसाच कोरडा. फरक एवढाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम यंत्र करते, काही गाड्यांत तेलाच्या दाबाने तर काहींत विजेच्या मोटारीने. म्हणजे एएमटीच्या पेटीत साधे गिअर ऑईलच लागते. तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र असेल तर त्याची लहान टाकी वेगळी आणि तिचे तेलही वेगळे, त्या दोहोंची सरमिसळ चालत नाही. ‘ऑटोमॅटिक आहे, लाल तेल टाका’ असे गिऱ्हाईकाने सांगितले तरी कारागिराने ऐकू नये. ज्याला हाताचा गिअरबॉक्स येतो त्याला एएमटीचे हे काम वणीतच करता येण्यासारखे आहे. फक्त पुस्तिका वाचण्याची सवय हवी. यंत्राच्या संगणकी जुळवणीचा भाग वेगळा, त्यासाठी उपकरण लागते.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, जुन्या आय-टेनमध्ये वगैरे मिळतो. तेथे तेल हेच ओढ पोचवण्याचे साधन असते. ते पातळ आणि बहुधा लाल असते. लाल हा ओळखीसाठी घातलेला रंग आहे, तो गुण नव्हे. दोन लाल तेले एकमेकांच्या जागी चालतीलच असे नाही. एकेकाळी या तेलात स्पर्म व्हेल माशाच्या चरबीचे तेल मिसळत असत. व्हेलच्या संरक्षणासाठी अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा वापर बंद केला, तेव्हा कारखान्यांना पर्यायी रसायन शोधावे लागले आणि मधल्या काळात कित्येक गिअरबॉक्स बिघडले. तेलातला एक घटक बदलल्याने एवढे होते, तर मग कोणतेही लाल तेल कसे चालेल?

तिसरा प्रकार सीव्हीटी. यात दात नसून पोलादी पट्टा दोन कप्प्यांमध्ये फिरतो आणि त्याची पकड सर्वस्वी त्याच्या खास तेलावर असते. यात दुसरे कोणतेही तेल घालू नये, अगदी वाटेत अडकलो तरी नाही.

या शेवटच्या दोन प्रकारांत पातळी पाहण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. कोठे इंजिन चालू ठेवून, कोठे बंद करून, कोठे तेल ठराविक तापमानाला आणून. पुष्कळ नव्या गाड्यांना मोजपट्टीच नसते. खालून तेल सोडले तरी बरेचसे आतच राहते, निम्मेही निघत नाही. म्हणून जितके निघाले तितके मापून भरावे. करपल्याचा वास येणाऱ्या फार जुन्या तेलावर दाबाने धुलाई करून ‘नवे’ करण्याचा मोह टाळावा. सुटलेला गाळ बारीक वाटांत अडकतो. थोड्या अंतराने दोन-तीनदा काढून भरणे बरे.

आणखी एक. अशी गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणू नये. इंजिन बंद असताना आतला तेलाचा पंप फिरत नाही, चाके मात्र गिअरबॉक्सला कोरडेच फिरवत राहतात. पुढची ओढ असलेल्या गाडीची पुढची चाके उचलूनच ती न्यावी. पुरातून गाडी काढण्याच्या गडबडीत हीच चूक होते.

निघालेले तेल

काढलेले तेल काय करावे, हा प्रश्न उरतो. काही जण ते सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला देतात, काही जण सरळ नालीत सोडतात आणि ते निर्गुडेत जाते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृतरीत्या खरेदी करणाऱ्याला द्यावे. गॅरेजवाल्याने पन्नास लिटरचा एक डबा कोपऱ्यात ठेवला तर वर्षाअखेर त्याचे पैसेही मिळतात. त्यात पाणी, पेट्रोल किंवा ब्रेक ऑईल मिसळू देऊ नये, मग ते कोणी घेत नाही.

आणि कारागिराने काम झाल्यावर तारीख, मीटरचे किलोमीटर, तेलाचा पूर्ण आकडा आणि किती लिटर गेले एवढे चार शब्द एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावेत. त्या कापड व्यापाऱ्याच्या गाडीत अशी चिठ्ठी आता आहे. या पावसाळ्यानंतर ते मिस्त्रींकडे स्वतःहून गेले, नट उघडला तर बोट ओले निघाले आणि तेलाचा रंग मधासारखा होता. मिस्त्रींनी नट परत लावला आणि तपासणीचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मागवला.